टीव्हीखालचा संगणक शांत हवा असेल तर आधी वॅट मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टीव्ही युनिटच्या आत बसणारा, सिनेमे आणि संगीत यांच्यासाठीचा संगणक जोडायचा आहे आणि त्याचा आवाज येता कामा नये. यादीत आय७-१२७०० प्रोसेसर, मधल्या वर्गातलं ग्राफिक्स कार्ड, ७५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), दोन ३.५ इंची हार्ड डिस्क, आतून फोम लावलेलं ‘सायलेंट’ कॅबिनेट आणि सहा पंखे आहेत. मुख्य प्रश्न एवढाच की पंखे कुठल्या कंपनीचे घ्यावेत, आणि शेवटी ओझरतं स्ट्रीमिंगबद्दल विचारलंय.

पंख्यांचं नाव सांगून मोकळं होता येईल, पण त्याने तुमचं काम होणार नाही. तुमची यादी गेमिंगच्या संगणकाची आहे, फक्त त्याला गप्प बसायला सांगितलंय. पंखा हौसेने आवाज करत नाही. आत तयार झालेली उष्णता बाहेर काढायची असते म्हणून तो फिरतो, आणि उष्णता जास्त असेल तर जोरात फिरतो. त्यामुळे ठरवायचा क्रम उलटा आहे. संगणकाकडून काम काय घ्यायचंय, त्या कामाला किती वॅट लागतात, ते वॅट कुठल्या जागेत सोडले जाणार, हे आधी ठरवायचं. पंख्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. बैठकीच्या खोल्यांसाठी आणि छोट्या रेकॉर्डिंग स्टुडिओंसाठी मी बरीच वर्षं अशी यंत्रं जोडून देतोय, आणि ‘शांत’ म्हणून विकले जाणारे सुटे भाग आणून गोंगाट करणारा संगणक तयार झालेला पुष्कळदा पाहिलाय.

काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. खोली रात्री किती शांत असते? सोफा टीव्हीपासून किती लांब आहे? युनिटला मागे पाठ आहे का, पुढे दार आहे का? या संगणकावर कधी गेम खेळणार का? तुम्ही गेमचा उल्लेख केलेला नाही, म्हणून खेळणार नाही असं धरून लिहितो. खेळणार असाल तर ग्राफिक्स कार्डाबद्दलचा परिच्छेद बदलेल, बाकीचं बहुतेक तसंच राहील.

आवाजाबद्दल दोन-तीन आकडे डोक्यात ठेवा. डेसिबलची बेरीज साधी नसते. सारखाच आवाज करणारे दोन पंखे लावले तर आकडा दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते. म्हणजे पंख्यांची संख्या हा खरा शत्रू नाही, त्यांचा वेग आहे. पंख्याचे फेरे निम्मे केले की त्याचा आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने उतरतो, हवा मात्र निम्मीच कमी होते. या एका हिशोबावर शांत संगणकाचा निम्मा शहाणपणा उभा आहे: मोठा पंखा, कमी फेरे. खोक्यावर छापलेल्या डेसिबलच्या आकड्यांवर मात्र फार विसंबू नका. कुणी किती अंतरावरून मोजलंय, पंखा मोकळा टांगून मोजलाय की जाळीला लावून, यात एकवाक्यता नसते. दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

आता कामाबद्दल. सिनेमा दाखवणं हे आजच्या संगणकासाठी जड काम नाही, बशर्ते व्हिडिओ उलगडण्याचं काम प्रोसेसरच्या गाभ्यांवर (कोअरवर) न पडता त्यासाठीच बनवलेल्या सर्किटवर पडलं पाहिजे. हे सर्किट प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्स भागात असतं. इंटेलमध्ये ते क्विक सिंक या नावाने २०११ च्या सँडी ब्रिजपासून आहे, पण सगळे फॉरमॅट पहिल्यापासून नव्हते. ४के सिनेमांसाठी लागणारं १०-बिट एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) सातव्या पिढीपासून, म्हणजे केबी लेकपासून नीट चालतं. एव्ही१ ही त्यानंतरची पद्धत हवी असेल तर अकरावी पिढी किंवा त्यापुढचं बघा. एएमडीकडे रायझन ५६००जी हा होम थिएटरसाठी खूप सुचवला जाणारा प्रोसेसर आहे, पण त्याच्या ग्राफिक्सला एव्ही१ येत नाही. रायझन ७००० आणि ८०००जी मालिकांना येतं. एखादा फॉरमॅट सर्किटला येत नसेल तर तेच काम गाभे करतात, प्रोसेसर तापतो, पंखा चढतो, आणि तुम्ही पंख्याला शिव्या घालता. नवं यंत्र घेताना एव्ही१ नसलेलं काही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून आय७-१२७०० या कामाला फार मोठा आहे. त्याच्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं खरं, पण तो मूळ आकडा. टर्बोमध्ये, म्हणजे गरजेपुरता वेग वाढवताना, इंटेलने त्याला १८० वॅटपर्यंत मुभा दिली आहे आणि बरेच मदरबोर्ड ती मुभा हात न आखडता वापरतात. सिनेमा चालू असताना तो एवढे वॅट ओढणार नाही हे कबूल. पण पाठीमागे अपडेट सुरू झालं, फोटोंची अनुक्रमणिका बनायला लागली, की काही सेकंदांसाठी तापमान झटकन वर जातं आणि नेमक्या संथ प्रसंगात पंखा घुर्रकन जागा होतो. त्याऐवजी आय३-१२१०० बघा. ६० वॅट मूळ, ८९ वॅट टर्बो, आणि व्हिडिओचं सर्किट याच कामाला पुरेल असं. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला मात्र घेऊ नका, त्यात ग्राफिक्सच नसतं.

नावाच्या शेवटी ‘टी’ असलेल्या ३५ वॅटच्या प्रोसेसरांचा मोह बऱ्याच जणांना होतो. मी तो मुद्दाम शोधायला सांगत नाही. रिकामा बसलेला असताना किंवा सिनेमा दाखवताना साधा आणि टी, दोघंही जवळपास तेवढेच वॅट ओढतात. फरक आहे तो वरच्या मर्यादेचा, आणि ती मर्यादा साध्या प्रोसेसरलाही बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) घालता येते. पॉवर लिमिट नावाची नोंद शोधा, कायमचा आणि थोड्या वेळाचा असे दोन्ही आकडे ३५-४० वॅटवर आणा, झाला तुमचा टी.

याहून खाली उतरायची तयारी असेल तर २०२३ मध्ये आलेला इंटेल एन१०० आहे. चार छोटे गाभे, ६ वॅटचा टीडीपी (उष्णतेचा ठरवलेला आकडा), आणि एव्ही१ सकट सगळं उलगडणारं ग्राफिक्स. फक्त सिनेमे, संगीत आणि थोडं ब्राउझिंग असेल तर तो पुरतो, आणि त्याचे काही बोर्ड पंख्याशिवाय नुसत्या पट्ट्यांच्या हीटसिंकवर येतात. ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की तो दमतो, हे आधीच सांगून ठेवतो. घरातले बाकीचे लोक त्याच संगणकावर कामं करणार असतील तर आय३ बरा.

मदरबोर्ड निवडताना एचडीएमआयचं भोक कुठल्या आवृत्तीचं आहे ते मॅन्युअलमध्ये शोधा, जाहिरातीत नाही. एचडीएमआय १.४ वर ४के चित्र सेकंदाला ३० फ्रेमच्या वर जात नाही. ६० फ्रेमसाठी २.० लागतं. दहाव्या पिढीपर्यंतच्या इंटेल ग्राफिक्समध्ये २.० मुळातच नव्हतं, बोर्ड बनवणाऱ्याला वेगळी चिप बसवावी लागायची, आणि बहुतेक साध्या बोर्डांवर ती नसायची. वापरलेला जुना बोर्ड घ्यायचा विचार असेल तर हे आधी तपासा. अॅम्प्लिफायर लावणार असाल तर ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ प्रकारचं सराउंड ध्वनिमुद्रण एचडीएमआयवरूनच जातं, ऑप्टिकल तारेतून जात नाही. आणि टीव्हीमार्गे अॅम्प्लिफायरकडे पाठवायचं तर साधं एआरसी (टीव्हीकडून एचडीएमआयवरून आवाज परत पाठवण्याची सोय) चालत नाही, दोन्हीकडे तिची सुधारित आवृत्ती ईएआरसी हवी. बोर्डावर स्वतःचा छोटा पंखा असेल तर तो बोर्ड बाजूला ठेवा. २०१९ मध्ये आलेल्या एक्स५७० बोर्डांपैकी बहुतेकांवर चिपसेटवर असा पंखा होता, आणि एवढ्याशा पंख्याची किणकिण लपवता येत नाही.

ग्राफिक्स कार्ड काढून टाका. सिनेमा बघण्यासाठी त्याची गरज नाही. अपवाद एकच मानतो: मॅडव्हीआरसारखं प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअर वापरून जुनी चित्रं ४के पर्यंत ताणायची असतील किंवा प्रोजेक्टरसाठी एचडीआरचं टोन मॅपिंग (जास्त उजेडाचं चित्र प्रोजेक्टरच्या आवाक्यात बसवणं) करायचं असेल, तर ताकद लागते आणि ती ताकद उष्णतेच्या रूपात दिसते. तेव्हा कार्ड घ्या, पण संगणक त्या खोलीत ठेवू नका. याबद्दल खाली लिहितो. मधला मार्ग म्हणून ७० वॅटचं आरटीएक्स ३०५० (६ जीबीचं) पंखा नसलेल्या रूपातही आलंय, पण पंखा नसला तरी ७० वॅट कुठेतरी जाणारच.

ते कुठे जाणार, हाच मुद्दा लोक सोडून देतात. ३० वॅटची उष्णता हवेवाटे बाहेर काढायची आहे आणि बाहेर जाणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा १० अंश गरम चालेल, असं धरा. त्याला सेकंदाला साधारण अडीच लिटर हवा लागते. पंख्यांच्या भाषेत पाच सीएफएम (मिनिटाला घनफूट). १२० मिमीचा एक बरा पंखा ६०० फेऱ्यांवर मोकळ्या हवेत याच्या कितीतरी पट हवा ढकलतो. म्हणजे काटकसरीने जोडलेल्या यंत्राला ऐकूही न येणारा एक पंखा पुरतो, सहा नकोत. पण हा हिशोब ‘आत येणारी हवा’ खोलीतली असेल तेव्हाच खरा. बंद युनिटमध्ये संगणक स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढतो. आत येणारी हवा १० अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास १० अंशांनी तापतो, त्याला कुठलाही कूलर काही करू शकत नाही.

तेव्हा आधी युनिट बघा. मागची पाठ काढता येत असेल तर काढा, निदान वरच्या बाजूला एक रुंद खाच पाडा. गरम हवा वर जाते, तिला वरून वाट द्या, खालून गार हवेला वाट द्या. दोन्ही वाटा पंख्याच्या तोंडापेक्षा लहान नसाव्यात. संगणकाच्या बाजूला आणि मागे बोटं सहज जातील एवढी मोकळी जागा ठेवा. तपासायची सोपी पद्धत: दोन तास सिनेमा चालू ठेवा, प्रोसेसरचं तापमान टिपा, मग युनिटचं दार उघडून अर्ध्या तासाने पुन्हा टिपा. पाच अंशांहून जास्त उतरलं तर अडचण युनिटची आहे, संगणकावर आणखी खर्च करू नका.

जागा अशी करता येत नसेल तर संगणक दुसऱ्या खोलीत ठेवून तार ओढणं हा सगळ्यात शांत उपाय आहे आणि लोक तो उगाच टाळतात. तांब्याची एचडीएमआय तार पाचेक मीटरच्या पुढे ४के ६० ला कुरकुरायला लागते. त्यापुढे फायबरवाली अॅक्टिव्ह तार घ्या. तिला दिशा असते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. भिंतीतून ओढण्याआधी जमिनीवर पसरून लावून बघा, कारण उलटी ओढली तर सगळं पुन्हा बाहेर काढावं लागतं. असं केलं तर तुमची मूळ यादीसुद्धा चालेल, आवाजाचा प्रश्नच उरत नाही.

युनिटमध्येच ठेवायचा ठरला तर कूलर आणि पंख्यांकडे येऊ. सडपातळ कॅबिनेटात बसणारे बुटके कूलर असतात, उदाहरणार्थ नॉक्चुआचा एनएच-एल९आय पंख्यासकट ३७ मिमी उंच आहे. काम करतो, पण त्याचा पंखा ९२ मिमीचा, म्हणजे तेवढ्याच हवेसाठी त्याला जास्त फेरे मारावे लागतात. जागा असेल तर ६५-७० मिमी उंचीचा कूलर घ्या. मी स्वतः कॅबिनेट निवडताना दिसण्याआधी कूलरची कमाल उंची बघतो. ३७ वरून ७० वर गेलात तर तोच प्रोसेसर निम्म्या आवाजात चालतो असा माझा अनुभव आहे.

फेऱ्यांबरोबर आवाजाचा सूरही बदलतो, आणि कानाला त्रास सुराचाच जास्त होतो. सात पात्यांचा पंखा मिनिटाला २५०० फेऱ्या मारत असेल तर पात्यांचा सूर साधारण २९० हर्ट्झवर असतो, माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्यात. तोच पंखा ६०० फेऱ्यांवर ७० हर्ट्झला उतरतो, जिथे हळू आवाज आपल्या कानाला फारसा ऐकूच येत नाही. पंखे चार पिनांचे, पीडब्ल्यूएमवाले (ज्यांचा वेग बोर्ड नेमका बदलू शकतो असे) घ्या, म्हणजे ते खाली ४००-५०० फेऱ्यांपर्यंत स्थिर उतरतात. बेअरिंग फ्लुइड डायनॅमिक प्रकारचं (तेलाच्या थरावर फिरणारं) असू द्या. कंपनी कुठलीही नावाजलेली चालेल, तिथे फार डोकं खपवू नका. त्यापेक्षा हे बघा की पंख्याच्या तोंडाशी, विशेषतः हवा ओढणाऱ्या बाजूला, पत्र्याची बारीक भोकांची जाळी अगदी चिकटून नाही ना. पातं जाळीजवळून जाताना जी ‘हूं’ उठते ती महागातल्या महाग पंख्यालाही येते. मध्ये सेंटीमीटरभर अंतर पडेल अशी चौकट घातली की बऱ्याचदा ती जाते.

फोम लावलेल्या कॅबिनेटबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. फोम उंच सुरातला आवाज थोडा शोषतो, हार्ड डिस्कची आणि एसएमपीएसची खालच्या सुरातली घरघर त्याला दाद देत नाही. वर तो आतली जागा खातो, आणि अशा कॅबिनेटांची तोंडं बहुधा बंद असल्याने हवाही अडते. साधं, जाड पत्र्याचं, मोकळ्या जाळीचं कॅबिनेट, खाली मऊ रबराचे पाय, एवढं पुरे. पंखाच नसलेली कॅबिनेटं, ज्यांच्या बाजूच्या जाड अॅल्युमिनियम भिंतीच हीटसिंक असतात आणि प्रोसेसरपासून हीटपाइप तिथवर नेलेले असतात, ती उत्तम असतात. स्ट्रीकॉम आणि एचडीप्लेक्स यांची अशी कॅबिनेटं मिळतात. पण त्यांना चारही बाजूंनी मोकळी हवा हवी. बंद युनिटात ठेवलेलं बिनपंख्याचं यंत्र ही भट्टी होते. हवेला वाट दिलेल्या युनिटात ५०० फेऱ्यांचा एक पंखा असलेलं यंत्र थंड राहतं आणि ऐकूही येत नाही.

एसएमपीएस. तुमचं यंत्र सिनेमा दाखवताना ३० वॅट ओढेल आणि तुम्ही ७५० वॅटचा घेताय, म्हणजे त्याच्या क्षमतेच्या चार टक्क्यांवर चालवणार. ८० प्लस गोल्ड या कार्यक्षमतेच्या शिक्क्याची चाचणी २० टक्के भारापासून पुढची असते. त्याच्या खाली कार्यक्षमता बरीच घसरते, आणि वाया गेलेली वीज उष्णता होऊन तिथेच राहते. ग्राफिक्स कार्ड नसेल तर दोन पर्याय. एक म्हणजे लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर आणि बोर्डावर बसणारी छोटी डीसी पट्टी, ज्यांना लोक सरसकट पिको एसएमपीएस म्हणतात. यात पंखाच नसतो, आणि आय३ ला १२०-१५० वॅटचा संच पुरतो. दुसरा म्हणजे ४०० वॅटच्या आसपासचा असा एसएमपीएस, ज्याचा पंखा कमी भारावर पूर्ण थांबतो. छोट्या एसएफएक्स आकाराचे घेताना जपून. त्यातल्या बऱ्याच जणांत ८० किंवा ९२ मिमीचा पंखा असतो आणि तो सुरू होतो तेव्हा लपत नाही.

हार्ड डिस्कवर जरा थांबतो, कारण ‘पंखे बदलले तरी घरघर येतेच’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे दोषी हीच असते. ७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा थरथरते, ५४०० वाली ९० वेळा. डिस्कचा स्वतःचा आवाज फार नसतो. ती थरथर पत्र्यात उतरते, पत्र्यातून कॅबिनेटच्या पायांत, पायांतून युनिटच्या फळीत, आणि ती रुंद फळी स्पीकरच्या पडद्यासारखी वाजते. खात्री करायची असेल तर चालू कॅबिनेट हळूच दोन बोटं वर उचला (डिस्क फिरत असताना झटका देऊ नका). घुमणं एकदम थांबलं तर उत्तर मिळालं. दोन डिस्क असल्या तर आणखी एक प्रकार होतो: दोघींचे फेरे अगदी तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे आवाज दर काही सेकंदांनी फुगतो आणि ओसरतो. कानाला स्थिर आवाजाची सवय होते, या फुगण्या-ओसरण्याची होत नाही.

उपाय सरळ आहे: टीव्हीजवळच्या यंत्रात फिरणारी डिस्क ठेवायचीच नाही. आत एक एसएसडी, आणि सिनेमांचा साठा दुसऱ्या खोलीत राउटरजवळ एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीत) किंवा जुन्या संगणकात. ४के ब्लू-रेचा प्रवाह सेकंदाला दीडशे मेगाबिटच्या आत राहतो, साध्या गिगाबिट तारेतून तो आरामात जातो. तार ओढता येत असेल तर वायफायवर विसंबू नका, कारण सरासरी वेग पुरेसा असला तरी मध्येच पडणारे खड्डे चित्रात दिसतात. डिस्क आत ठेवणं अगदीच भाग असेल तर ५४०० ची एकच ठेवा, स्क्रू थेट पत्र्यात न पिळता रबराच्या वाट्यांतून घ्या, किंवा इलॅस्टिकच्या पट्ट्यांवर टांगा. एसएसडी कुठलाही चालेल, सगळ्यात नव्या वेगवान पिढीतले पंखेवाले सोडून. सिनेमाला त्या वेगाचा काही उपयोग नाही.

पंखे नाहीत, डिस्क नाही, तरी बारीक ‘चीं’ येते, असंही होतं. ती कॉइलची शीळ. बोर्डावरच्या किंवा एसएमपीएसमधल्या कॉइल वीज कमीजास्त होताना कंप पावतात. याचा खात्रीचा इलाज नाही, एकाच मॉडेलचे दोन नग वेगळे निघतात. म्हणून सुटे भाग आले की बदलून मिळण्याची मुदत संपण्याआधी यंत्र जोडा आणि रात्री, बाकी सगळं बंद करून, कान जवळ नेऊन ऐका. शीळ नेमकी कुठून येते ते समजायला कागदाची सुरळी कानाला लावली की पुरतं.

जोडून झाल्यावर अर्धा तास बायोसमधल्या पंख्याच्या आलेखावर घालवा. मूळ आलेख घाबरट असतो, प्रोसेसर ५० अंशांवर गेला की पंखा पळवायला लागतो. मी ६० ते ६५ अंशांपर्यंत रेषा सपाट ठेवतो, पंखा ऐकू येत नाही त्या वेगावर, आणि त्यानंतर हळूहळू चढवतो. प्रोसेसर ९० च्या पुढेपर्यंत सुरक्षित असतो, त्याची काळजी नको. त्याहून महत्त्वाचं, पंख्याला प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ वाढवा. बोर्डागणिक नाव वेगळं असतं, पण ‘स्टेप अप’ किंवा ‘स्मूदिंग’ असं काहीतरी सापडेल. तिथे जो जास्तीत जास्त विलंब असेल तो द्या. क्षणभर तापमान उसळलं तर पंख्याने दखलच घेऊ नये. सतत चढ-उतार करणाऱ्या पंख्यापेक्षा किंचित वरच्या पण एकाच वेगावर फिरणारा पंखा कधीही बरा.

आवाजाशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी, कारण यंत्र चालू झालं की तुम्ही यांवर अडखळणारच. बहुतेक सिनेमे सेकंदाला २३.९७६ फ्रेमचे असतात. टीव्हीला बरोबर २४ दिलं तर दर ४२ सेकंदांच्या आसपास एक फ्रेम दोनदा दिसते, आणि ६० दिलं तर कॅमेरा आडवा सरकताना चित्र अडखळतं. कोडी हे सिनेमे दाखवणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर चित्राप्रमाणे रिफ्रेश रेट बदलण्याची सोय चालू करा. दुसरं, बिनतारी कीबोर्डचं छोटं रिसीव्हर यूएसबी ३ च्या भोकाशेजारी लावू नका. त्या भोकांमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंधळ बाहेर पडतो आणि कीबोर्ड अडखळायला लागतो. वीतभर एक्स्टेंशन लावून रिसीव्हर युनिटच्या पुढे आणा.

स्ट्रीमिंगबद्दल तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय. ते टीव्हीच्या स्वतःच्या अॅपमधून बघा. संगणकावर ४के मिळवण्यासाठी कॉपी-संरक्षणाच्या एवढ्या अटी असतात, आणि लिनक्सवरच्या ब्राउझरमध्ये तर मोठ्या सेवा ते देतच नाहीत, की त्यासाठी संगणक तापवण्यात काही हशील नाही. ४के ब्लू-रे चकती थेट संगणकात घालून बघायचा विचार असेल तर तोही सोडा. अधिकृत प्लेअर सॉफ्टवेअरला त्यासाठी इंटेलचं एसजीएक्स हे सुरक्षेचं तंत्र लागायचं, आणि अकराव्या पिढीपासून घरगुती डेस्कटॉप प्रोसेसरांमधून ते काढून टाकलंय. वेगळा प्लेअर घ्या.

तर तुमच्या जागी मी असतो तर यादी अशी केली असती: आय३-१२१००, पॉवर लिमिट ४० वॅटवर, एचडीएमआय २.० किंवा त्यावरचा, चिपसेटवर पंखा नसलेला छोटा बोर्ड. ८ जीबीच्या दोन रॅम. ५०० जीबी एसएसडी. ६५-७० मिमीचा कूलर. १२० मिमीचा एकच पंखा, हवा बाहेर फेकणारा. बाहेरचा अडॅप्टर आणि डीसी पट्टी. दोन्ही हार्ड डिस्क एनएएसमध्ये. कॅबिनेट मात्र आताच मागवू नका. युनिटची आतली उंची, रुंदी आणि मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा, पाठीला खाच पाडता येईल का ते बघा, आणि ते आकडे कळवा. ७० मिमीचा कूलर बसतो की ३७ वर यावं लागतं, हे त्यावरच ठरेल.